पंधरा स्लाइड झाल्यावर साहेब विचारतात, ‘तुला नक्की पाहिजे काय?’ – हा बिघाड परत परत का येतो

हा प्रॉब्लेम मला पहिल्यांदा आला तेव्हा वाटलं आपलं इंग्रजी कच्चं म्हणून होतंय. दुसऱ्यांदा आला तेव्हा वाटलं साहेबांचा मूड नव्हता. चौथ्या का पाचव्या वेळेला परत तेच झालं तेव्हा डोक्यात आलं की बाबा, एकाच मशीनवर एकच अलार्म दर महिन्याला येतोय म्हणजे आपण नुसतं रीसेट मारतोय, कारण कुणी शोधलेलंच नाही.

मी चाकण भागातल्या एका कारखान्यात मेंटेनन्स आणि युटिलिटी बघतो, म्हणजे हवा दाबून देणारे कॉम्प्रेसर, पाणी थंड करणारे चिलर, डीजी सेट (डिझेल जनरेटर), पॅनल वगैरे. शॉपफ्लोअरवर उभं राहून काही समजावायचं असेल तर मला कधी अडचण आली नाही, फिटर मामांना दोन मिनिटांत कळतं, नवीन ट्रेनी पोरांना कळतं, पण तीच गोष्ट कॉन्फरन्स रूममध्ये प्रोजेक्टर लावून सांगायला गेलो की सगळं कुठंतरी अडकायचं.

तुमच्याकडे हे होत असेल तर पुढे वाचा. सहाव्या स्लाइडला कुणीतरी "पुढे चल, पुढे चल" म्हणतं. सगळे मान डोलावतात आणि निर्णय "पुढच्या महिन्यात बघू" वर जातो. एखाद्या फालतू आकड्यावर वीस मिनिटं भांडण होतं आणि मूळ मुद्दा राहून जातो. आणि सगळ्यात भारी म्हणजे मीटिंग संपल्यावर कॅन्टीनला चहा पिताना तुम्ही तेच दोन वाक्यांत सांगता आणि समोरचा म्हणतो, "अरे मग हे आत का नाही बोललास?"

हे चहावालं लक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण त्याचा अर्थ असा की माल आपल्याकडे आहे, सांगता पण येतं, फक्त प्रोजेक्टर चालू झाला की क्रम उलटा लागतो.

एक गोष्ट आधी तपासून घ्या. हा त्रास एकाच माणसासमोर होतो का वेगवेगळ्या माणसांसमोर? एकाच माणसासमोर होत असेल तर तो त्या माणसाचा मामला असू शकतो, त्याला पीपीटी नको असेल, त्याला आदल्या दिवशी एक कागद दिला तर काम होईल. पण माणसं बदलली तरी प्रश्न तोच येत असेल तर वायरिंग आपल्याकडचं चुकलंय.

माझा फसलेला प्रेझेंटेशन कसा होता ते सांगतो, आकडे थोडे गोल केलेत. विषय होता कॉम्प्रेस्ड एअरची, म्हणजे पाइपातून मशीनना जाणाऱ्या दाबाच्या हवेची, गळती. प्रॉडक्शनवाले नवीन लाइनसाठी तिसरा कॉम्प्रेसर मागत होते, कोटेशन १८ लाखांचं आलं होतं, आणि मला म्हणायचं होतं की कॉम्प्रेसर घेऊ नका, आधी गळती बंद करू. आता हे इथे एका वाक्यात लिहिलं. पण तिथे मी काय केलं, तर पहिली स्लाइड टायटल, दुसरी अजेंडा, तिसरी कॉम्प्रेसर रूमचा लेआउट, चौथी मेक आणि मॉडेल, पाचवी मागच्या दोन वर्षांचा ब्रेकडाउन हिस्टरी, सहावी प्रेशरचा ट्रेंड, मग लीक टेस्ट कशी करतात त्याचं सूत्र, मग फोटो, मग फिशबोन (माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती), मग परत फोटो, आणि चौदाव्या स्लाइडला खाली उजव्या कोपऱ्यात ३.५ लाख रुपये. पंधरावी थँक्यू. पण चौदावी कुणी बघितलीच नाही कारण प्लांट हेड साहेबांनी फिशबोनलाच विचारलं, "अरे हे सगळं बरोबर आहे, पण तुला नक्की पाहिजे काय? तिसरा कॉम्प्रेसर हवा का नको?" आणि मी म्हणालो, "सर, पुढच्या स्लाइडला येतंय." हे वाक्य तोंडातून निघालं की समजायचं, मशीन ट्रिप होऊन बंद पडली.

कारण काय, तर मी ज्या क्रमानं शोधलं त्याच क्रमानं सांगत होतो. आधी रूम बघितली म्हणून आधी रूम, मग रजिस्टर चाळलं म्हणून मग हिस्टरी. माझ्यासाठी ती गोष्ट मजेदार होती कारण मी त्यात तीन रविवार घातले होते, पण ऐकणाऱ्याला माझे रविवार नको असतात, त्याला त्याच्यापुढचा प्रश्न सोडवायचा असतो. आणि त्याला शेवट माहीत नसल्यामुळे प्रत्येक स्लाइड बघताना तो मनात विचार करतो की हे मला का दाखवतोय, लेआउटमध्ये काही गडबड आहे का, मेक खराब आहे का, आणि आपण त्याला काहीच पत्ता लागू देत नाही.

आपल्या लाइनमध्ये ही सवय जास्तच घट्ट असते आणि त्याला कारण आहे. क्वालिटी सर्कलच्या (गटानं प्रॉब्लेम सोडवायच्या) स्पर्धांना जाऊन आलेल्यांना त्या १२ पायऱ्या पाठ असतात, प्रॉब्लेम ओळखा, निवडा, कारणं शोधा, असं करत करत फॉलोअपपर्यंत. एट डी (प्रॉब्लेम सोडवायचा आठ पायऱ्यांचा फॉरमॅट) घ्या, तिथे पण आधी प्रॉब्लेम, मग कारण, मग उपाय; ए थ्री (एकाच मोठ्या कागदावरचा रिपोर्ट) घ्या, तिथे आधी पार्श्वभूमी, मग सध्याची स्थिती, मग कारण, आणि उपाय उजव्या बाजूला. शोधकाम करायला हे फॉरमॅट एक नंबर आहेत, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण आपण काय करतो, तोच भरलेला फॉरमॅट कापून स्लाइडवर चिकटवतो आणि चौकोन बाय चौकोन वाचून दाखवतो.

मराठी मीडियमवाल्यांना भूमितीचा पेपर आठवत असेल. पक्ष, साध्य, सिद्धता. काय सिद्ध करायचंय ते आधी लिहायचं, मग पायऱ्या. साध्य न लिहिता सिद्धता सुरू केली तर बाई मार्क कापायच्या, आणि आपण आता नोकरीत सगळा पेपर साध्य न लिहिताच सोडवतोय.

तर उपाय. पीपीटी उघडायच्या आधी, वहीत, पेननं, एक वाक्य लिहायचं. त्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत: काय करायचं, त्यानं काय मिळतं, आणि समोरच्याकडून मला काय हवंय. माझं वाक्य असं झालं: "तिसरा कॉम्प्रेसर न घेता गळती बंद केली तर नवीन लाइनला पुरेल एवढी हवा मिळते, त्यासाठी ३.५ लाख आणि दोन रविवार लाइन बंद हवी आहे, आज मंजुरी द्या." हे वाक्य लिहिता येत नसेल तर स्लाइड बनवायला बसूच नका, तुमचा विचारच अजून झालेला नाही, आणि फॉन्ट बदलून तो होणार नाही. मी खूपदा इथेच अडकलोय आणि दोनदा तर असं झालं की वाक्य लिहायला बसल्यावर कळलं, माझ्याकडे मागण्यासारखं काहीच नाही, मला नुसतं दाखवायचं होतं की मी काम केलंय. मग मेल टाकला आणि विषय संपवला.

ते वाक्य पहिल्या स्लाइडवर. अजेंडा काढून टाका, सात-आठ स्लाइडला अजेंडा कशाला लागतो?

वाक्याच्या खाली मग कारणं, आणि ती तीनच. जास्त असतात, मान्य, पण ऐकणारा एका वेळी तीन-चारच गोष्टी डोक्यात धरू शकतो. माझी तीन: हवा किती वाया जातेय, ती वाचली तर नवीन लाइनला पुरते का, आणि पैसे किती दिवसांत निघतात. यात न बसणारं सगळं, म्हणजे मेक, मॉडेल, हिस्टरी, फिशबोन, शेवटी बॅकअपमध्ये. फेकून द्यायचं नाही, कारण कुणीतरी विचारणारच आणि तेव्हा ती स्लाइड फाटकन उघडता आली की तुमचं वजन वाढतं.

आता दुसरा बिघाड, आणि हा मला पहिल्यापेक्षा जास्त महाग पडला. क्रम सुधारला, पहिल्या स्लाइडला मागणी आली, सगळं छान, आणि तरी प्रस्ताव लटकला. का, तर आकड्यामुळे.

लीक टेस्ट सोपी असते. रविवारी प्लांट बंद असताना एकच कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, हवा वापरणारं काही चालू नाही, तरी तो मधूनमधून लोड होतो, म्हणजे हवा भरायला लागतो, कारण गळती. किती वेळ लोड आणि किती वेळ अनलोड (मोटर चालू, पण हवा भरत नाही) ते घड्याळ लावून बघायचं. आमच्याकडे ३ मिनिटं लोड आणि ७ मिनिटं अनलोड आलं, म्हणजे त्या मशीनच्या ताकदीच्या ३० टक्के हवा नुसती उडून जात होती. मशीन ७५ किलोवॅटचं. मग मी काय केलं, ७५ चे ३० टक्के २२.५ किलोवॅट, वर्षाचे ७,००० तास, युनिटला ९ रुपये धरले, १४ लाखांच्या वर गेलं. वा! स्लाइडवर लाल रंगात मोठ्ठं "१४ लाख".

मीटिंगमध्ये दुसऱ्या प्लांटचे युटिलिटीवाले बसले होते. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "गळती शून्य करणार आहात का?" नाही सर, १० टक्क्यांपर्यंत येईल. "बरं, आणि लोड कमी झाला म्हणजे मशीन अनलोडवर जाणार, बंद तर नाही होणार ना? अनलोडला काही खात नाही का ते?" खातं. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडला पण पूर्ण लोडच्या साधारण तिसरा हिस्सा पॉवर खातो, हे मला माहीत होतं, मीच ट्रेनी पोरांना शिकवतो, आणि तेच मी विसरलो होतो किंवा खरं सांगायचं तर मोठा आकडा बघून विसरायला बरं वाटलं होतं. त्यानंतर माझं बाकी सगळं बरोबर असूनही कुणी धड ऐकलं नाही, अकाउंट्सच्या मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि साहेब म्हणाले, "परत बसवून आण."

परत बसवलं तेव्हा हिशोब असा झाला: ३० वरून १० टक्के, म्हणजे २० टक्के वेळ मशीन लोडवरून अनलोडवर जाणार, लोडला ७५ आणि अनलोडला २२.५ किलोवॅट धरलं तर फरक ५२.५, त्याचे २० टक्के साडेदहा किलोवॅट, ७,००० तासांचे ७३,५०० युनिट, ९ रुपयांनी साडेसहा लाखांच्या जरा वर. १४ चे साडेसहा झाले, निम्म्याहून कमी! मला वाटलं आता तर कोण विचारतंय. पण यावेळी मी स्लाइडवरच लिहिलं की गळती पूर्ण बंद होत नाही म्हणून १० टक्के सोडलेत, आणि अनलोडचा खर्च वजा केलाय. साडेतीन लाख सहा-साडेसहा महिन्यांत निघतात. युटिलिटीवाल्या सरांनी ते वाचलं आणि माझ्याआधी तेच साहेबांना म्हणाले, "ठीक बसवलंय, यात अजून थोडं वरच मिळेल." बस.

म्हणजे पटवायला मोठा आकडा लागत नाही, ज्यातून आधीच हवा काढलीय असा आकडा लागतो. समोरचा जो प्रश्न विचारणार तो आपणच विचारून, त्याचं उत्तर वजा करून आणायचं. जुने शास्त्री लोक वादात आधी पूर्वपक्ष मांडायचे, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं करून सांगायचं आणि मग आपला सिद्धांत. क्वालिटी सर्कलच्या १२ पायऱ्यांमध्ये पण नववी पायरी संभाव्य विरोधाचा अंदाज घ्या अशीच आहे, आणि त्या चौकोनात आपण काय लिहितो? "काही नाही, सर्वांचा सहभाग." मी स्वतः लिहिलंय.

आकड्यांवरून भांडण होतं त्याचं आणखी एक कारण म्हणजे आकडा कुठून आला ते स्लाइडवर नसतं. युनिटचा दर मी माझ्या मनानं ९ धरला आणि अकाउंट्सच्या हिशोबात तो वेगळा असेल तर मीटिंग त्याच्यातच जाते. आता मी आदल्या दिवशी मॅडमकडे जातो, "मॅडम, दर कुठला धरू?" एवढंच विचारतो, त्या सांगतात तो धरतो, आणि स्लाइडच्या खाली लिहितो की दर अकाउंट्सकडून. मग मीटिंगमध्ये तो आकडा माझा राहत नाही, त्यांचा होतो. आणि त्यांचा आकडा कुणी खोडायला गेलं तर मला मधे पडायची गरज नसते, हाहा.

आणि एकच एकक ठेवा. एका स्लाइडला सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा), दुसऱ्याला किलोवॅट, तिसऱ्याला टक्के, चौथ्याला लाख असं केलं की ऐकणारा प्रत्येक वेळी मनात गुणाकार करत बसतो. प्रॉडक्शनला मी सीएफएममध्ये सांगतो कारण त्यांचा प्रश्न हवेचा आहे: आमचं ७५ किलोवॅटचं मशीन ७ बार दाबाला साधारण ४५० सीएफएम देतं, त्याचे २० टक्के म्हणजे ९० सीएफएम मोकळे होतात, तुमच्या लाइनला ६० लागतात. साहेबांना आणि अकाउंट्सला रुपये. बाकी सगळं बॅकअपला.

तिसरं लक्षण म्हणजे लोक मोबाइलमध्ये बघतात. याला मी आधी लोकांना नावं ठेवायचो. मग एकदा स्वतःच्याच स्लाइडची फक्त हेडिंग वाचून बघितली: "कॉम्प्रेस्ड एअर सिस्टीम", "करंट स्टेटस", "अॅनालिसिस", "ऑब्झर्वेशन्स", "कॉस्ट बेनिफिट". ही हेडिंग कुठल्याही कारखान्यातल्या कुठल्याही विषयाला चालतील. ही फायलीवरची लेबलं झाली. त्याऐवजी हेडिंगलाच पूर्ण वाक्य लिहायचं, "ऑब्झर्वेशन्स" च्या जागी "एका मशीनच्या दर १०० सीएफएमपैकी ३० उडून जातात". स्लाइडमधलं बाकी सगळं त्या वाक्याचा पुरावा असलं पाहिजे, नसेल तर काढा.

हेडिंग एक सांगतं आणि मजकूर दुसरंच, यानं काय होऊ शकतं त्याचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परत येताना तुटलं, आपल्या कल्पना चावला त्यात होत्या, सातही जण गेले. १६ जानेवारीला उड्डाण झालं तेव्हा दीड मिनिटाच्या आत बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आपटला होता. यान वर फिरत असतानाच इंजिनिअर लोकांनी नासापुढे त्याचं विश्लेषण स्लाइडवर मांडलं. त्यातल्या एका स्लाइडचं हेडिंग वाचून असं वाटतं की टेस्टचा डेटा बघता काळजीचं कारण नाही. आणि त्याच स्लाइडच्या अगदी तळाला, बुलेटच्या आतल्या बुलेटमध्ये, लिहिलं होतं की तुकडा १,९२० घन इंचाचा आणि टेस्टमधला ३ घन इंचाचा. म्हणजे ६४० पट! टेस्टच्या कितीतरी बाहेरची गोष्ट, आणि ती शेवटच्या ओळीत. वर "सिग्निफिकंट" हा शब्द पाच वेळा आणि प्रत्येक वेळी किती ते नाही. अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळानं ऑगस्ट २००३ च्या अहवालात ही स्लाइड छापली आणि म्हटलं की वरिष्ठ अधिकाऱ्याला ती वाचून हा जिवावरचा मामला आहे हे न कळणं सहज शक्य आहे. अपघात स्लाइडमुळे झाला असं कुणी म्हणत नाही, कारण फोमचंच होतं. पण ती ६४० पट वाली ओळ हेडिंगला असती तर त्या खोलीतली चर्चा वेगळी झाली असती असं मला तरी वाटतं.

तेव्हापासून मी "सिग्निफिकंट", "कन्सिडरेबल", "मेजर" हे शब्द शोधून शोधून काढतो. मेजर म्हणजे किती? किती ते माहीत असेल तर तेच लिहा ना.

लोकांचं लक्ष जायचं दुसरं कारण भाषा, आणि इथे मराठी-इंग्रजीचा प्रश्न नाहीये. स्लाइड इंग्रजीत ठेवा आणि तोंडानं मराठी-हिंदी जे खोलीत चालतं ते बोला, कुणाला काही वाटत नाही, फक्त स्लाइड वाचून दाखवू नका. खरी अडचण आपल्या धंद्याच्या शब्दांची असते. एफआरएल (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर), ड्यू पॉइंट (हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान), लोड-अनलोड, हे आपल्याला इतके सवयीचे झालेत की समोरच्याला ते ऐकू येतात पण दिसत नाहीत हे लक्षातच येत नाही. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी तरी ओळखतील. १२० गाण्यांतली ओळखली गेली ३. घरी करून बघा, गणपतीची आरती नुसत्या टिचक्यांवर वाजवा. तुमच्या डोक्यात झांजा-टाळ सगळं वाजत असतं आणि समोरच्याला फक्त टकटक.

ड्यू पॉइंट समजावायला मी स्लाइड करायचो, आता सरळ म्हणतो, "पावसाळ्यात पाइपातून पाणी येतं ना पेंटशॉपला आणि फोड येतात, ते." सगळ्यांना तो रिजेक्शनचा महिना आठवतो. पण नुसतं उदाहरण देऊन थांबायचं नाही. आपल्या न्यायशास्त्रात अनुमान मांडायच्या पाच पायऱ्या आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय, जिथे धूर तिथे आग जसं स्वयंपाकघरात, इथला धूर पण तसाच, म्हणून आग आहे. आपण हमखास गाळतो ती चौथी पायरी, उपनय. "अमुक प्लांटनं गळती कमी करून एवढे वाचवले" असं सांगतो आणि पुढे जातो, आणि समोरचा मनात म्हणतो, "त्यांचं वेगळं आहे." तिथेच सांगायचं की त्यांची पाइपलाइन पण आपल्यासारखीच जुनी, प्रेशर तेच, शिफ्ट तीनच, म्हणून इथे पण लागू होतं. आणि जिथे लागू होत नाही ते पण सांगायचं.

चौथा त्रास, वेळ कापली जाते. वीस मिनिटं सांगितलेली असतात, आधीच्याचं लांबतं, आणि आपल्याला म्हणतात, "पाच मिनिटांत आटप." पूर्वी मी मग भरधाव वेगानं सगळ्याच स्लाइड पळवायचो. पण मागणी पहिल्या स्लाइडला असेल तर काही बिघडत नाही, पहिली दाखवा, पैशाची दाखवा, थांबा. आमच्या गावाकडे सप्त्यात कीर्तन असतं, बुवा आधी अभंग घेतात, मग दीड-दोन तास कुठे कुठे फिरून येतात, पण दर थोड्या वेळानं परत त्याच चरणावर येतात. त्यामुळे शेतातून उशिरा आलेला माणूस मागे टेकून बसला तरी दोन मिनिटांत त्याला कळतं आज कुठला अभंग चाललाय. आमच्या मीटिंगला निम्मे लोक उशिराच येतात. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी मी एकदा चरणावर येतो: "म्हणजे तिसरा कॉम्प्रेसर लागत नाही याचं हे पहिलं कारण." सुरुवातीला तेच तेच बोलतोय असं वाटायचं. ऐकणाऱ्याला वाटत नाही.

आता हे सगळं करूनही अडतं, ते कधी?

एक म्हणजे ज्याच्या विरोधात आपण बोलतोय तो खोलीतच बसलेला असतो आणि पहिल्यांदाच ऐकत असतो. माझ्या केसमध्ये प्रॉडक्शन मॅनेजर. त्यांनी कॉम्प्रेसरचं कोटेशन मागवलेलं, आणि मी पहिल्याच स्लाइडला सगळ्यांसमोर "घेऊ नका" म्हणतोय, मग ते कसे ऐकतील? पुढच्या वेळी मी दोन दिवस आधी त्यांच्या केबिनला गेलो, कागद दाखवला. ते म्हणाले, "मला कॉम्प्रेसरचं काही पडलं नाही रे, मला एक तारखेला हवा पाहिजे." हे वाक्य सोन्याचं. मग पहिल्या स्लाइडवर "कॉम्प्रेसर नको" च्या ऐवजी "एक तारखेला लाइनला हवा, १८ लाख न घालता" असं गेलं, आणि त्याखाली हे पण की गळती बंद करून प्रेशर मिळालं नाही तर एक महिना भाड्याचा कॉम्प्रेसर लावू. विरोध तिथेच विरला.

दुसरं, जिथे बातमीच कडू असते. म्हणजे आपल्यामुळे लाइन थांबली, माल परत आला वगैरे. तिथे सरळ निष्कर्ष आधी फेकला की लोक त्याच्याशीच भांडायला लागतात. मी तिथे आधी सगळ्यांना मान्य असलेलं एक वाक्य घेतो, किती तास लाइन बंद होती ते, आणि मग लगेच कारण आणि आपली चूक. एक मिनिटाच्या वर नाही, नाहीतर प्रस्तावना करतोय म्हणजे काहीतरी लपवतोय असा वास येतो.

आणि तिसरं, निर्णय त्या खोलीत होतच नसतो. बजेट दुसऱ्याकडे असतं. मग कितीही चांगलं सांगा, साहेब म्हणतात "बघू", कारण त्यांना पण पुढे कुणालातरी सांगायचं असतं. तिथे आपलं काम बदलतं, साहेबांना पटवण्यापेक्षा त्यांना पुढे सांगता येईल असं एक पान देणं. माझी पहिली स्लाइड आता अशीच असते, ते तिचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवतात, आणि फोटोत वाचता येईल एवढाच मजकूर त्यावर ठेवतो.

हेडिंगची टेस्ट मी अजूनही घरी करतो. आदल्या रात्री जेवणानंतर बायकोला फक्त हेडिंग वाचून दाखवतो, मधलं काही नाही. ती शाळेत शिकवते, कॉम्प्रेसर कशाशी खातात तिला माहीत नाही. पहिल्या वेळी ती म्हणाली होती, "झालं? म्हणजे काय झालं?" त्या गळतीच्या दुसऱ्या वेळी सगळी सात हेडिंग ऐकून भांडी आवरता आवरता म्हणाली, "मग देतील ना ते साडेतीन लाख? आणि त्या दोन रविवारी तू घरी नाहीस, असंच ना?"